हाडं नाहीत, मणी आहेत

२१ जानेवारी, रविवार

प्रिय बुटक्या,

हे नाव वाचूनच तू पत्र बाजूला टाकशील. टाक. बोटीवर बाजूला टाकलेली वस्तू फार लांब जात नाही, दोन दिवसांनी पुन्हा हाताला लागते. सहा फुटी माणसाला बुटक्या म्हणायचा हक्क मला तू तीन वर्षांचा असताना मिळालाय आणि तो मी अजून सोडलेला नाही.

तुझ्या कंपनीच्या कचेरीतल्या बाई म्हणाल्या, पत्रं पुढच्या बंदरात पोचवतो, पण उत्तर येईलच असं नाही. मी म्हटलं, त्याची सवय आहे आम्हाला.

भांडायला लिहीत नाहीये. समजूत काढायलाही नाही. आज एक गोष्ट घडली आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही. आईला सांगता येत नाही, कारण माझ्या मशीनचा विषय निघाला की ती उठून घासलेली भांडी पुन्हा घासते. राहिलास तू.

तर ऐक. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी संग्रहालयाला शब्द दिला होता, की सुट्टीच्या दिवशी त्यांची एक ममी आमच्या सीटी स्कॅनमधून काढून देऊ. शब्द त्यांचा, सुट्टी माझी. दुपारी संग्रहालयाची गाडी आली. त्यातून एक बाई उतरल्या, पांढरे आखूड केस, गळ्यात दोन चष्मे, आणि हातात एक खोका असा धरलेला जसं आत उकळतं दूध आहे. जुन्या वस्तू कुजू नयेत, मोडू नयेत हे बघणं त्यांचं काम. मी मनात त्यांचं नाव जतनबाई ठेवलं. पुढे ते एकदा तोंडातून निघालं आणि त्यांनी ते ठेवूनच घेतलं.

खोक्यात स्पंज, स्पंजात कापड, आणि कापडात एक काळं गाठोडं. कोपरापासून मनगटापर्यंत असतं ना, तेवढं. लिननच्या पट्ट्या गुंडाळून वर राळ ओतलेली, दगडासारखी टणक झालेली. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेलं: 'ससाणा. देवाला वाहिलेला. इजिप्त.' तिकडे म्हणे पक्षी असे गुंडाळून देवाला वाहायचे. बाईंना फक्त त्याची हाडं शाबूत आहेत का एवढंच बघायचं होतं.

आता आमचं मशीन नाव, वय, लिंग भरल्याशिवाय हलत नाही. नाव लिहिलं, ससाणा. वय तीन हजार वर्षं, पण रकान्यात तीनच आकडे मावतात. मी ९९९ टाकलं, त्याने मुकाट्याने घेतलं. मग विचारलं, रुग्णाला कसली ॲलर्जी? जतनबाई गंभीरपणे म्हणाल्या, "ओलाव्याची."

मी काचेच्या खोलीत आले, मायक्रोफोन दाबला आणि सवयीने म्हणाले, "अजिबात हलू नका हं." बाई हसल्या. मीही हसले. मग टेबल आत सरकलं आणि पडद्यावर काप येऊ लागले. पावाचे काप करावेत तसे मशीन माणसाचे बारीक काप दाखवतं, हे तुला मी पूर्वी सांगितलंय.

पक्ष्याची हाडं पोकळ असतात. मी पातळ पांढऱ्या नळ्यांची वाट बघत होते. चोच, पंखाचा सांधा, असं काही. आधी नुसती करडी राळ. मग एक बारीक पांढरं कडं दिसलं. मग तीन. मग पुढच्या कापात कडीच कडी, ओळीने, रांगेच्या पोटात रांग, कुणी मोजून मांडल्यासारखी. मधोमध काहीतरी धातूचं होतं, त्याच्या पांढऱ्या तिरिपा चहूकडे फुटलेल्या.

बाई माझ्या खांद्यामागे उभ्या. त्यांना पडद्यातलं काही वाचता येत नव्हतं. "काय दिसतंय? बोला ना."

पडद्यावर दिसलेलं तोंडातून काढायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. माझ्या तोंडातून निघालं, "डॉक्टर सांगतील."

"कुठला डॉक्टर?" बाई म्हणाल्या. "पक्ष्यांचा?"

मी त्यांच्याकडे बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं आणि मला उत्तर द्यायची मुभा होती.

"हाडं नाहीत," मी म्हटलं. "मणी आहेत."

बाईंनी दोन्ही चष्मे एकावर एक चढवले. मग माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाल्या, "हे गाठोडं बांधणाऱ्या माणसानंतर हे बघणारी तू पहिली."

त्या 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या ते मला नंतर लक्षात आलं.

घरी सगळं ठीक. आईचा गुडघा आहे तसाच.

— ताई (अजूनही)


४ फेब्रुवारी

प्रिय बुटक्या,

ते काय आहे ते कळलं. त्याला मेनात म्हणतात. बारीक निळ्या मण्यांचे पुष्कळ सर एकत्र केलेली जाड माळ, आणि तिचा तोल राहावा म्हणून मागे लोंबणारा धातूचा लांबट तुकडा, पळीच्या दांड्यासारखा. माळ असली तरी ती नुसती गळ्यात घालून मिरवायची नव्हे. देवळातल्या बायका ती हातात धरून देवीपुढे हलवायच्या, आणि मण्यांचा आवाज व्हायचा. देवीचं नाव हाथोर. संगीत तिचं, बाळंतपण तिचं, माया तिची, आणि एकदा बिनसलं की सिंहीण होऊन माणसं फाडून खाणारीही तीच. तो आवाज ऐकला की ती शांत व्हायची म्हणे. आपल्या घरात एक असायला हवी होती, आई तुझं प्रगतिपुस्तक बघायची तेव्हा.

जतनबाई रोज दुपारी फोन करतात. मला अशी मैत्रीण या वयात मिळेल असं वाटलं नव्हतं. आजही त्यांचा फोन आला, पण आवाज बसलेला. संग्रहालयाच्या संचालकांना गाठोडं फोडायचंय. बाईंनी त्यांची नक्कल करून दाखवली: "बाई, काळं गाठोडं बघायला कोण येणार? लोकांना निळी माळ दाखवा!" माणूस वाईट नाही, असं बाईच म्हणतात. वर्षभर रिकामी दालनं बघून कंटाळलाय. पण बाईंना भीती अशी, की आतला दोरा कधीच कुजून गेला असेल. राळ फोडली तर माळ हाती लागणार नाही, वाटीभर सुटे मणी लागतील, आणि ते कुठल्या क्रमाने होते हे जगात कुणालाच कळणार नाही, कधीच. म्हणून त्यांनी एक मुदत मागून घेतलीय. पुन्हा स्कॅन करायचा, अधिक बारीक. दोरा आहे का नाही ते बघायचं.

थोडक्यात काय, बघायचं मलाच आहे.

तू हे वाचत असशील तर आता काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. 'दगडाच्या मण्यांसाठी बरं तोंड उघडलं हिचं.' म्हण. मला ते स्वतःलाच ऐकू आलं, त्या रविवारी घरी येताना बसमध्ये.

बाबांच्या स्कॅनचा रिपोर्ट आल्यावर त्यांनीच सगळ्यांना गप्प बसवलं, 'पोराला बोटीवर चढू दे, पहिली नोकरी आहे,' हे आईने तुला सांगितलंय. तुझा राग त्यावर नाही हेही मला माहीत आहे. तुझा राग स्कॅनच्या दिवशीच्या कँटीनवर आहे. बाबा आत कपडे बदलत होते, आपण दोघं खिडकीजवळच्या टेबलाशी बसलो होतो, तुझ्या खिशात तिकीट होतं. तू मला सरळ विचारलंस, "ताई, तू आत होतीस. जाऊ ना मी?" आणि मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील. तू चहा घे, गार होतोय."

तू गेलास. बाबा तुझी बोट भर समुद्रात असताना गेले. फोनवर तू मला एकच वाक्य बोललास, "पहिल्या मिनिटाला कळलं होतं तुला, आणि तू मला चहा पाजत होतीस." त्यानंतर काही नाही.

मी ते वाक्य खोडून काढायला लिहीत नाहीये. ते खरंच आहे. आजही एखाद्याची बहीण टेबलावर असली आणि त्याने मला विचारलं तर मी हेच म्हणेन. मी अर्धवट बघून काही बोलले आणि ते चुकीचं निघालं तर? असं झालेलं मी पाहिलंय. नियम माणसांना छळायला केलेला नाही. पण तू 'एखादा' नव्हतास, हेही खरं. या दोन्हींचं काय करायचं ते मला अजून सुधरलेलं नाही.

जाऊ दे. मला पत्र मण्यांवर ठेवायचं होतं.

— ताई


२५ फेब्रुवारी

बुटक्या,

घाईघाईने लिहितेय म्हणून अक्षर असं आहे. आजारी नाहीये.

आज दुसरा स्कॅन झाला. या वेळी संचालकही आले होते. गोल, घामेजलेले, सारखे रुमालाने मान पुसणारे. "किती वेळ लागेल?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी म्हटलं, रुग्ण सहकार्य करणारा आहे, लवकर होईल. 

पण झालं नाही. धातू आला की मशीनचे डोळे दिपतात. उन्हात आरसा धरल्यावर आपले दिपतात तसे. त्या तिरिपांखाली बाजूचं सगळं झाकून जातं. मी गाठोडं स्पंजाच्या पाचरी लावून तिरकं केलं, किरणांचा जोर वाढवला, काप पातळ केले. नळी तापली की थांबायचं, निवली की पुन्हा. माणसावर इतका मारा करूच शकत नाही आपण, करायचाही नसतो. पण या रुग्णाला कशाचीच भीती नव्हती. शेवटी तिरिपा विरल्या.

आधी मण्यांचं सांगते. एकेका सराच्या वाटेने मी वर गेले, खाली आले. मण्यांच्या भोकांत काही नाही. काळोख. दोरा केव्हाच गेलेला. पण मणी जागचे हललेले नाहीत, बुटक्या. एकही नाही. बारीक, बारीक, बारीक, मग एक जाड, मग पुन्हा बारीक. सराला सर लागून, जशी कुणी ती हातातून खाली ठेवली तशी, थोडी वळलेली, एका बाजूला सैल. राळ आत झिरपली आणि ज्या घडीला ती ठेवली ती घडी तशीच थिजली. एका ठिकाणी दोन सरांचा पीळ पडला होता. ठेवणारीने तो सोडवला नव्हता. घाईत असेल. किंवा रडत असेल. मला काय माहीत.

मग मी सगळे काप जोडून आकृती उभी केली. हे आम्ही मोडलेल्या मांडीसाठी, जबड्यासाठी करतो. एक बटण दाबायचं आणि राळ पुसून टाकायची, पडद्यावरची. कापड पुसून टाकायचं. मणी उरले. मग मणीही बाजूला केले. आणि तो धातूचा तुकडा अंधारात एकटा राहिला, पाठमोरा. मी तो हळूहळू फिरवला.

चेहरा होता. बाईचा. जाड केसांच्या दोन बाजूंना गाईचे कान. डोळे मोठे, उघडे, ओठ मिटलेले. ती कडेने वळत वळत आली आणि सरळ माझ्याकडे बघायला लागली.

आमच्या खोलीत पंख्याची घरघर कायम असते, ती आज मला पहिल्यांदा ऐकू आली. इतकी वर्षं, इतकी राज्यं, इतकी युद्धं, जहाजं, खोकी, चिठ्ठ्या, आणि ही आत डोळे उघडे ठेवून बसलेली. वर 'ससाणा' लिहिलेलं. तिला त्याचं काही नाही.

जतनबाईंनी पडद्यावर बोट टेकवलं. "इथे बघ. खाली, दांड्याच्या कडेला." तिथे धातू पातळ झाला होता. एका बाजूला एक खोलगट, दुसऱ्या बाजूला लांबट पन्हळ. बाईंनी स्वतःची डावी मूठ तशी वळवून दाखवली. अंगठा इथे, बोटं इथे. धरून धरून झिजलेलं. "डावखुरी होती," मी म्हटलं, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

आणि मग माझं लक्ष संचालकांकडे गेलं. त्यांचा रुमाल हातातच राहिला होता. ते पडद्याच्या अगदी जवळ आले होते, लहान मुलं मत्स्यालयाच्या काचेला नाक लावतात तसे.

"फोडलं तर हे असं राहणार नाही?" त्यांनी विचारलं.

"चेहरा राहील," जतनबाई म्हणाल्या. "बाकी सगळं सांडेल."

"मग राहू द्या," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "राहू द्या हो. बसू दे तिला."

मी वाद ऐकायच्या तयारीने आले होते. इतकं सोपं होईल असं वाटलं नव्हतं. गाठोडं पुन्हा कापडात, कापड स्पंजात, स्पंज खोक्यात गेलं. खाली गाडीचा चालक बिडी टाकून उठला आणि म्हणाला, "काय, कसा आहे ससाणा?" जतनबाई म्हणाल्या, "मुलगी आहे." तो बिचारा अजून विचार करत असेल.

मला हे कुणाला तरी सांगायचं होतं. तुलाच सांगायचं होतं. तू लहानपणी बंद घड्याळं उघडून तासन्‌तास आत बघत बसायचास.

— ताई


२० एप्रिल

प्रिय बुटक्या,

आता गंमत ऐक. आई कामाला लागलीय.

झालं असं, की संचालकांनी निळी माळ दाखवायचा हट्ट सोडला नाही, पण मार्ग बदलला. माझ्या कापांवरून हुबेहूब दुसरी माळ करायची आणि गाठोड्याशेजारी ठेवायची. कुंभारकाम शिकवणाऱ्या शाळेने मणी करून दिले, पांढरी वाळू, राख आणि तांब्याची भुकटी मळून, भाजून. भट्टीतून निघताना राखाडी गेलेले मणी निळे होऊन बाहेर येतात. मी बघितलं. मला वाटलं शाळेवाल्यांनी मागच्या दाराने बदलले.

आता ओवायचे कुणी? हजारो मणी, तीळभराचे. ज्यांच्या दुपारी रिकाम्या आहेत त्यांनी या, असं संग्रहालयाने जाहीर केलं. मी आईला म्हटलं, चल, नुसती घरात बसून असतेस. मशीनचं एक अक्षर बोलले नाही. ती म्हणाली, "मला चष्म्यातून दिसत नाही, माझा गुडघा दुखतो, आणि अनोळखी बायकांत मी बसत नाही." दुसऱ्या दिवशी साडी बदलून दारात उभी.

पहिल्याच दुपारी तिने एक अख्खा सर ओवला, शेवटची गाठ मारायला दोरा ओढला आणि दुसरं टोक मोकळंच होतं. खळ्ळकन सगळे मणी जमिनीवर. आई जागच्या जागी पुतळा. आणि बुटक्या, संचालक साहेब गुडघ्यांवर बसून कपाटाखाली हात घालून मणी वेचतायत, आणि आई वरून सांगतेय, "तिकडे एक राहिला. अहो तिकडे नव्हे, डावीकडे." तेव्हापासून ती तिथली मालकीण आहे.

पण मला सांगायचं ते वेगळंच. ओवायच्या टेबलासमोर भिंतीवर माझे काप लावलेत, मोठे करून. क्रम बघून ओवायचं असतं. मी विसरलेच होते की आईला ते दिसणार. ती आधी क्रम मोजत होती, तोंडातल्या तोंडात. मग हात थांबले.

"हे कुठून आणलं?"

"मी काढलेत," मी म्हटलं. "माझ्या मशीनमधून."

ती उठून जाईल असं मला वाटलं. आमच्या घरात भांडी आणि नळ तरी असतो, तिथे तेही नव्हतं. ती उठली, पण भिंतीकडे गेली. नाक लागेल इतक्या जवळून तिने ते बघितले, एकेक. परत येऊन बसली आणि ओवायला लागली.

येताना बसमध्ये खिडकीबाहेर बघत म्हणाली, "घाबरली नव्हतीस का गं? आत एकटी?"

"कधी?"

"तुला माहितीये कधी."

मी म्हटलं, "घाबरले होते."

तिने माझ्या मांडीवरची पिशवी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. तिच्याकडे आधीच दोन होत्या. घरापर्यंत तिने ती सोडली नाही.

बाकी काय. तू कुठे आहेस ते आम्हाला नकाशावर शोधावं लागतं. कचेरीतल्या बाई म्हणतात, माझी पत्रं तुझ्या हाती पोचली आहेत. एवढंच त्यांना सांगता येतं.

— ताई


९ जून

प्रिय बुटक्या,

काल ती माळ वाजली.

दालनात माणसं मावत नव्हती. काचेच्या पेटीत काळं गाठोडं, शेजारी पडद्यावर तिचा चेहरा संथ फिरत असलेला, आणि पुढच्या टेबलावर नवी माळ. निळी म्हणजे किती निळी ते मला लिहून सांगता येत नाही. तू खोल पाण्यावर असतोस, तुला माहीत असेल.

संचालकांनी भाषण लिहून आणलं होतं. दोन वाक्यं वाचून त्यांनी कागद खिशात घातला आणि जतनबाईंना म्हणाले, "तुम्हीच करा." बाई पुढे झाल्या. सवयीने हातमोजे चढवले, मग त्यांच्या लक्षात आलं की ही माळ हात लावण्यासाठीच आहे. त्यांनी हातमोजे काढले. आयुष्यभर त्या माणसाने वस्तूंना मोज्यांशिवाय हात लावलेला नाही. मुठीत दांडा धरला, डाव्या. सर खाली सोडले. आणि मनगट हलवलं.

मला वाटलं होतं घुंगरासारखं काहीतरी वाजेल. तसं नाही. तो आवाज होता हेच आधी कळलं नाही. बारीक खड्यांच्या किनाऱ्यावरून लाट मागे सरते ना, तेव्हा पाण्याखालून सगळे खडे एकदम कुजबुजतात. तसं. एकदा, मग पुन्हा. खूप माणसं एकाच वेळी हळूच 'श्श' म्हणतायत असं. कुणी तान्ह्या मुलाला म्हणावं तसं.

खोकला नाही, खुर्ची नाही. बाईंचं मनगट चालूच. त्या रडत होत्या, पण हलवायचं थांबल्या नाहीत. मी गाठोड्याकडे बघत होते. आपल्या वस्तूचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा आणि आपण पडल्या पडल्या ऐकावा, तसं तिला वाटत असेल का? असले विचार मी करत नाही, तुला माहितीये. काल केले. त्या झिजलेल्या दांड्यावर जिची बोटं होती तिने हाच आवाज ऐकला असणार, अगदी हाच नसेल, पण याचा सख्खा भाऊ. मधली सगळी माणसं मेली आणि तो आवाज आमच्या कानांत शिरला. मला माझे हात मोठे वाटायला लागले, कुठे ठेवावेत ते कळेना.

थांबल्यावरही कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग मागून आईचा आवाज आला, "तिसरा सर मी ओवलाय." आणि सगळे हसले, मोकळं झालं.

घरी आल्यावर दार उघडलं तर खाली तुझं कार्ड पडलेलं होतं.

उत्तर या पत्रात देत नाही. आज नाही जमणार.

— ताई


१७ जुलै

प्रिय बुटक्या,

तुझं कार्ड आईच्या उशाशी आहे. एका बाजूला बंदराचं चित्र, दुसऱ्या बाजूला सगळ्या जागेत दोन ओळी: "बाबांचं त्या दिवशी काय दिसलं? सगळं सांग, वगळू नकोस." मला तर वाटलं होतं, चार वर्षांनी तू लिहिशील तेव्हा शिव्या तरी देशील.

आणि काल कचेरीतून फोन आला, की तू रजा टाकलीस, ऑगस्टच्या सुरुवातीला उतरतोयस. आईने लगेच तुझी गादी उन्हात टाकली. अजून तीन आठवडे आहेत म्हटलं, तर म्हणाली, "गादी जाड आहे." आम्ही दोघी धक्क्यावर येतोय. नको म्हणून कळवू नकोस, ती ऐकणार नाही.

तू येण्याआधी हे कागदावर व्हायला हवं. समोर मला बोलता येणार नाही.

बाबा आत आले ते कुरकुरत. अंगावरचा हिरवा झगा त्यांना आखूड होत होता. "तुझ्या रुग्णालयात मापाचे कपडे नाहीत का?" मी त्यांना टेबलावर झोपवलं, हात डोक्यामागे घ्यायला सांगितले, गुडघ्यांखाली उशी दिली. त्यांचे पाय गार होते. मी चादर ओढली आणि काचेच्या खोलीत आले. मायक्रोफोनवरून म्हटलं, "मोठा श्वास घ्या. रोखून धरा." आणि त्यांनी धरला. घरात कधी कुणाचं ऐकलं नाही त्या माणसाने, पण माझा आवाज ऐकून लगेच धरला.

काप यायला लागले. आधी खांदे. गळ्याच्या डाव्या हाडावर एक जुनी गाठ होती, जुळून आलेलं मोडलेलं हाड. ते कधी मोडलं होतं ते मला माहीत नव्हतं. आईला परवा विचारलं. तिलाही माहीत नाही. लग्नाच्या आधीचं असेल. कुणीतरी ते बांधलं असेल, ते महिनाभर झोळीत हात घेऊन हिंडले असतील, आणि कधी एका शब्दाने बोलले नाहीत.

मग फुफ्फुसं. भरून घेतलेली, काळी, मोठी, आणि त्यांत नसांची बारीक बारीक झाडं, पानांशिवायची. मग हृदय. ते हलतं, त्यामुळे त्याची कड नेहमी पुसट येते. जिवंत माणसाचंच पुसट येतं. मोठ्या धमनीच्या भिंतीवर चुन्याचे पांढरे कण होते, ओळीने. मग कण्याचे मणके, एकावर एक, मधले दोन जरा दबलेले, पाठीवर ओझी वाहिल्याने. आपल्या दोघांनाही त्यांनी त्याच पाठीवर मिरवलंय.

आईला बसमध्ये मी म्हटलं, घाबरले होते. ते खरं, पण ते नंतरचं. मी कुणालाच सांगितलं नाही ते हे: आधी मला भीती वाटली नाही, बुटक्या. आधी मला वाटलं, हे किती सुंदर आहे. मी रोज माणसांची आतली बाजू बघते आणि मला काही वाटत नाही, काम म्हणून बघते. पण ते आपले बाबा होते. ते आतून असे होते. इतकं सगळं आत, इतकं नीट लावलेलं, अंधारात, एकही दिवस सुट्टी न घेता चाललेलं, आणि बाहेर हा माणूस बनियन उलटा घालून पेपर शोधतोय. मी तोंडावर हात ठेवून बघत राहिले.

मग यकृत आलं. ते एकसारखं करडं असायला हवं. त्यात गोल ठिपके होते, लहान, मोठे, एकमेकांत मिसळलेले. एका बाजूला करडी जागा फारच कमी उरली होती. ते काय आहे हे मला पहिल्या मिनिटाला नाही, पहिल्या क्षणाला कळलं. तुझं म्हणणं बरोबर होतं.

त्यानंतर जे वाटलं ते तुला सांगायला नको. तुलाही तेच वाटलंय, फक्त उशिरा आणि एकट्याला. त्याचं मला फार वाईट वाटतं. हे मी आधी कधी म्हटलं नव्हतं, म्हणून लिहून ठेवते.

स्कॅन संपला होता. आता मला फक्त म्हणायचं होतं, 'श्वास सोडा.' रोज शंभरदा म्हणते. बटणावर बोट होतं. काचेपलीकडे बाबा हात वर करून, छाती भरून, डोळे घट्ट मिटून पडले होते, माझ्या सांगण्याची वाट बघत. आणि मला ते म्हणवेना. तोपर्यंत ते तसेच राहतील असं वाटलं. किती वेळ गेला माहीत नाही, फार नसेल. मग म्हटलं, "सोडा, बाबा." कामावर मी कुणालाही नात्याने हाक मारत नाही. ते तेवढंच निसटलं.

मी आत गेले तेव्हा ते उठून बसले होते, लाल झालेले, धापा टाकत हसत होते. "अगं, मारतेस की काय? सोडा म्हणायला विसरलीस?"

मी त्यांचा झगा सारखा केला. म्हटलं, "विसरले नाही, बाबा. अजून थोडं बघायचं होतं."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग माझ्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, "बघ की. तुझंच आहे."

मग ते कपडे बदलायला गेले आणि मी कँटीनमध्ये तुझ्याकडे आले.

— ताई